बाभळीचे दरवाजे उघडे असतात तेव्हा मासे मोजावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की मराठवाड्यातील धरणांच्या साठ्याची चौकट वर्तमानपत्रात रोज छापून येते. जायकवाडी, माजलगाव, मांजरा, येलदरी, सिद्धेश्वर, निम्न तेरणा, विष्णुपुरी यांत आज किती टक्के साठा झाला आणि आवक किती क्युसेकने सुरू आहे, हे वाचल्याशिवाय आमच्या भागात चहाचा कप खाली ठेवला जात नाही. त्याच दिवसांत आणखी एक ठरलेले छायाचित्र येते. मान्यवर मंडळी तलावाच्या काठावर उभी असतात, हातात पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या असतात आणि खाली ओळ असते की अमुक तलावात इतके लाख मत्स्य बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिले, सोडण्यात आली. पाण्याचा आकडा आपल्याला दशांशापर्यंत मिळतो आणि सोडलेल्या बोटुकलीचा लाखांत मिळतो. परंतु त्या पाण्यात प्रत्यक्ष मासे किती आहेत, हा आकडा कुठेच मिळत नाही, कारण तो कुणी काढत नाही. तो काढता येतो आणि त्यासाठी मराठवाड्यातच एक सोयीची जागा, गोदावरीवरचा बाभळी बंधारा, उपलब्ध आहे, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बोटुकली मोजताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना ती रीत ठाऊक असेल. हौदातून जाळीच्या वाटीने एक वाटी बोटुकली काढतात, ती एकेक करून मोजतात आणि पुढे जितक्या वाट्या पिशव्यांत गेल्या तितक्यांनी त्या संख्येला गुणतात. रीत वाईट नाही. नमुना मोजून पूर्णाचा अंदाज बांधणे शास्त्राला धरूनच आहे. अडचण अशी की हा सगळा हिशेब काठावरच संपतो. पिशवी पाण्यात रिकामी झाल्यानंतर त्यांतली किती बोटुकली पहिल्या आठवड्यात मरळीच्या पोटात गेली, किती सांडव्यावरून खाली वाहून गेली, किती उन्हाळ्यात मृतसाठ्याच्या तापलेल्या पाण्यात तग धरून राहिली आणि किती वर्षा-दीड वर्षाने जाळ्यात आली, याची नोंद ठेवण्याची व्यवस्था नाही. दुसऱ्या टोकाला मच्छीमार सहकारी संस्थेच्या वहीत विकलेल्या मासळीचे किलो लिहिले जातात खरे. पण ठेक्याची रक्कम एकीकडे आणि चोरटी मासेमारी दुसरीकडे, या कात्रीत सापडलेली ती वही पूर्ण सत्य सांगेल अशी अपेक्षा ती लिहिणारेसुद्धा धरत नाहीत.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला आणि त्याचे योग्य ते स्वागत झाले. मात्र शेतीचा दर्जा म्हणजे वीजदराची आणि कर्जाची सवलत एवढेच नव्हे. शेतीत पीक कापणी प्रयोग होतात, नजर अंदाज पैसेवारी आणि नंतर अंतिम पैसेवारी जाहीर होते, ती पन्नास पैशांच्या आत आली की गावाला टंचाईच्या सवलती लागू होतात, आणि पैसेवारी चुकीची लागली तर लोक तहसीलवर मोर्चा नेतात. पाण्यातल्या पिकाची पैसेवारी कुणी आणि कशाच्या आधारावर काढायची? २०१५-१६ च्या दुष्काळात, ज्या काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या काळात आटलेल्या तलावांतले मासेही गेले आणि त्यांवर जगणाऱ्या भोई कुटुंबांचा हंगामही गेला. तो किती गेला हे सांगणारा कागद कुणाकडेच नव्हता.

आता ज्या ठिकाणी हे मोजले जाते तिकडे वळतो. अलास्का, कॅनडाचा पश्चिम किनारा आणि अमेरिकेचा वायव्य भाग येथील नद्यांत रानटी सॅमन मासा नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि काही वर्षांनी अंडी घालण्यासाठी आपल्याच नदीत परत चढतो. प्रशांत महासागरातील बहुतेक सॅमन जाती अंडी घातल्यावर मरतात, म्हणजे त्यांना पुन्हा संधी नसते. नदीच्या मुखाशी मासेमारी करणाऱ्यांना किती मासे धरू द्यायचे हे ठरवायचे असेल, तर जाळ्यांतून निसटून किती मासे वर गेले हे ठाऊक असावे लागते, आणि तेही हंगाम संपल्यावर नव्हे तर हंगाम चालू असताना, दर दिवसाला. स्वच्छ पाण्याच्या नद्यांवर माणसे उंच मचाणावर बसून मासे मोजतात. पण हिमनद्यांचा गाळ घेऊन येणाऱ्या नद्यांत हातभर खालचेही दिसत नाही, म्हणून तेथील मत्स्य विभागाने १९६० च्या दशकात ध्वनीचा आधार घेतला. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो आणि गढूळपणाने प्रकाश अडतो तसा तो अडत नाही. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्यावर आपटून ध्वनीचा मोठा भाग परत फिरतो आणि त्या प्रतिध्वनीवरून मासा कळतो.

सुरुवातीची उपकरणे केवळ प्रतिध्वनी मोजणारी होती. आज वापरली जाणारी उपकरणे चित्र काढतात. त्यांतले डिडसन या नावाने ओळखले जाणारे उपकरण वॉशिंग्टन विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत मुळात अमेरिकी नौदलासाठी, गढूळ बंदरातील संशयास्पद वस्तू ओळखण्याकरिता तयार झाले आणि नंतर मत्स्यशास्त्रज्ञांनी ते उचलले. एरिस हे त्याच घराण्यातील पुढचे उपकरण. त्याचा एक प्रकार अकरा किंवा अठरा लाख हर्ट्झच्या वारंवारतेवर चालतो आणि जास्त वारंवारतेवर ९६ अरुंद किरणांनी समोरचे पाणी चाचपतो. त्याचे चित्र मी पडद्यावर पाहिले आहे. पंख्याच्या आकाराचा राखाडी पट्टा असतो, तळाचे दगड त्यात स्थिर उजळ ठिपके म्हणून दिसतात आणि त्यांच्यावरून लांबट पांढुरके अंग सरकत जाते. अंगामागे ध्वनीची काळी सावली पडते आणि शेपटीचा प्रत्येक फटकारा सुटा ओळखता येतो. काठावरच्या तंबूत बसलेला मोजणारा माणूस वर जाणारा मासा एका खात्यात आणि खाली उतरणारा दुसऱ्या खात्यात घालतो. चोवीस तास डोळे ताणणे शक्य नसल्याने अनेक ठिकाणी दर तासातील दहाच मिनिटे मोजून त्याला सहाने गुणतात. आपल्या वाटीच्या मोजणीतला आणि या मोजणीतला हिशेब एकच आहे. फरक इतकाच की ती मंडळी पाण्यातला मासा मोजतात आणि गुणाकाराने येणारी चूक किती असू शकते तेही आकड्यासोबत छापतात.

या यंत्राला मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्याशिवाय त्याची शिफारस करणे गैर ठरेल. सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे सोनारला (ध्वनीने पाहणाऱ्या या उपकरणांना इंग्रजीत सोनार म्हणतात) माशाची जात कळत नाही. अलास्कातील कीनाय नदीत मोठा चिनूक आणि त्याहून लहान सॉकआय हे सॅमन एकाच काळात चढतात. तेथील जुने सोनार, सॉकआय काठाने आणि चिनूक मधल्या खोल पाण्याने जातो असे गृहीत धरून मोजत असे. प्रत्यक्षात सॉकआयही मधून जातात हे लक्षात आल्यावर ती आकडेवारी भरवशाची राहिली नाही. मग चित्र काढणारे सोनार आणून माशाची लांबी मोजण्यास सुरुवात झाली आणि आता तेथे ७५ सेंटिमीटरपेक्षा मोठे चिनूक वेगळे धरून त्यांच्या संख्येवर निर्णय होतात. अलास्कातीलच युकॉन नदीवरील पायलट स्टेशन येथे १९८६ पासून सोनारची मोजणी सुरू आहे. तेथे जात ठरविण्यासाठी सोनारच्या शेजारीच वेगवेगळ्या आसांची, म्हणजे लहानमोठ्या छिद्रांची, जाळी रोज टाकून, त्यांत कोणत्या जातीचे किती मासे आले त्या प्रमाणात सोनारचा आकडा वाटून देतात. म्हणजे यंत्र आले म्हणून जाळे टाकणारा माणूस तेथेही सुटला नाही. त्याच ठिकाणी गाळाने ध्वनी विरतो असे दिसल्यावर कमी वारंवारतेचे उपकरण घ्यावे लागले. गोदावरीच्या पुराचे काळे पाणी पाहिलेल्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

मोजणीने मासे वाढत नाहीत, असा एक आक्षेप मला ऐकवला जातो. तो बरोबर आहे. कॅनडातील फ्रेझर नदीवर मिशन येथे १९७७ पासून ध्वनीने मोजणी होते. २००९ मध्ये तेथे एक कोटीहून अधिक सॉकआय परततील असा अंदाज असताना प्रत्यक्षात १५ लाखांच्या आसपास परतले. त्यावर न्यायिक चौकशी आयोग बसला, आणि पुढच्याच वर्षी अडीच कोटींहून अधिक मासे आले. मोजणीने त्या उतारचढावाचे कारण सांगितले नाही, पण अंदाज किती फसला हे हंगाम चालू असतानाच सांगितले आणि जाळी आवरता आली. युकॉनवर चिनूक इतका घटला की एप्रिल २०२४ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी सात वर्षे, म्हणजे त्या माशाचे साधारण एक पूर्ण जीवनचक्र, त्याची मासेमारी थांबविण्याचा करार केला आणि सीमेपलीकडे कॅनडात ७१,००० चिनूक पोहोचावेत असे उद्दिष्ट ठेवले. हे ७१,००० मोजणार कोण, तर सीमेजवळ ईगल या गावी बसवलेले सोनार. मोजणीची सोय नसती तर करारात आकडा घालण्यास कुणी धजावले नसते. अमेरिकेतील क्लॅमथ नदीवरील चार धरणे २०२४ मध्ये काढून झाल्यावर, जेथे सर्वांत खालचे धरण होते तेथेच सोनार बसवून शंभरहून अधिक वर्षांनी वर जाणारे मासे मोजण्यात आले. ते पहिल्याच हंगामात हजारोंनी गेले.

आपल्या गोदावरीत सॅमन नाही आणि तो आणण्याचा प्रश्नही नाही. परंतु पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढणारा मासा ही काही परदेशी गोष्ट नव्हे. मृगाचा पाऊस पडून ओढ्यांना पहिले पाणी आले की चढणीचे मासे धरायला गावोगाव माणसे ओढ्यावर जमतात. पोटात अंडी असलेला मासा त्या वेळी सर्वांत सहज सापडतो आणि तो तेव्हाच धरू नये हेही सर्वांना ठाऊक असते. कटला, रोहू, मृगळ हे मोठे मासे पुराच्या पाण्यात वर सरकून उथळ, नव्याने बुडालेल्या काठावर अंडी घालतात. महाशीरही पावसाळ्यातच वर चढतो. याच नदीच्या दुसऱ्या टोकाला, आंध्रात, समुद्रातून हिल्सा चढतो आणि पुराच्या दिवसांत तेथील लोक त्याला पुलसा म्हणून मोठ्या किमतीला घेतात. त्याची वाट धवळेश्वरमच्या बंधाऱ्याशी अडते, आणि तो बंधारा १८५२ मध्ये पूर्ण झाला. गंगेत हिल्सा एके काळी अलाहाबादच्याही वर पोहोचत असे. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाल्यानंतर वरच्या गंगेतला हिल्सा जवळजवळ संपला. आधी किती चढत होता याची नदीतली मोजणी नसल्याने आजवर वाद घालताना दोन्ही बाजूंना बाजारातल्या मासळीच्या नोंदींवर विसंबावे लागते.

मराठवाड्यातील गोदावरी आता पायऱ्यापायऱ्यांची नदी झाली आहे. पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, दिग्रस, पुढे नांदेडचे विष्णुपुरी, त्याखाली आमदुरा, बळेगाव आणि अखेरीस धर्माबाद तालुक्यातील बाभळी. यांतल्या प्रत्येकाचे शेतीला आणि पिण्याच्या पाण्याला महत्त्व आहे आणि बंधाऱ्यांच्या विरोधात लिहिण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण या सर्वांत बाभळीची गोष्ट वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार तिचे दरवाजे दरवर्षी १ जुलै रोजी उघडले जातात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत उघडेच ठेवावे लागतात. दरवर्षी केंद्रीय जल आयोग आणि महाराष्ट्र व तेलंगणा या दोन्ही राज्यांचे अधिकारी समक्ष उभे राहतात, चौदा दरवाजे वर जातात, पाणी सोडल्याची बातमी होते आणि आपल्या हक्काचे पाणी डोळ्यांदेखत खाली चालले म्हणून आपण हळहळतो. पाण्याच्या दृष्टीने ती हळहळ रास्त आहे. माशाच्या दृष्टीने मात्र १२० दिवस नदीचे एक दार उघडे असते, आणि खाली तेलंगणात श्रीराम सागरसारखा मोठा जलाशय असतो, ज्याचा फुगवटा बाभळीपर्यंत पोहोचतो. त्या जलाशयातून मासे किती वर येतात, कोणत्या आठवड्यात येतात, येतात तरी का, हे पाहण्यासाठी याहून नेमकी जागा आणि याहून नेमकी तारीख आपल्याला कुणी आखून देणार नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे, जिच्याकडे मत्स्यशास्त्राच्या लोकांनी लक्ष द्यावे असे मला वाटते. १ जुलै ही तारीख पाण्याच्या वाटपासाठी ठरली. ती माशाला विचारून ठरलेली नाही. पहिले लोंढे अनेक वर्षी जूनमध्येच येतात आणि चढणीचा मासा पहिल्या लोंढ्यालाच हलतो. मग जूनच्या शेवटच्या पंधरवड्यात बंद दरवाजांच्या पायथ्याशी मासे साचतात का, आणि साचत असतील तर तेथे जाळी टाकणाऱ्यांची चंगळ होते का, हे मोजणी करणाऱ्याला सहज दिसेल. निकाल बदलावा असे मी सुचवत नाही. तो माझा अधिकार नाही आणि दोन राज्यांच्या वादात मासा ओढण्याने माशाचे भले होणार नाही. मात्र बंधाऱ्याच्या पायथ्यापासून काही अंतरापर्यंत त्या पंधरवड्यात मासेमारी बंद ठेवणे जिल्हा प्रशासनाच्या हातातले आहे, आणि ती बंदी घालायची की नाही हे आकडा हाती असल्यावर ठरवता येईल.

तांत्रिक अडचणी खऱ्या आहेत. दरवाजांखाली पाणी फेसाळते आणि हवेचे बुडबुडे ध्वनीला विस्कटून टाकतात, म्हणून उपकरण बंधाऱ्यालगत न ठेवता खाली जेथे प्रवाह शांत आणि तळ एकसारखा उतरता आहे अशा सरळ पट्ट्यात बसवावे लागेल. आपल्या नदीच्या तळाला काळा खडक ठिकठिकाणी उघडा पडतो. त्याच्या आडोशाने जाणारा मासा सुटतो, म्हणून जागा निवडण्यातच पहिला उन्हाळा जाईल. चढणारा मासा शक्ती वाचविण्यासाठी बहुधा काठाजवळच्या संथ पाण्याने जातो. त्यामुळे दोन्ही काठांवर एकेक उपकरण ठेवून नदीचा मधला भाग सुरुवातीला सोडून दिला तरी चालेल, परंतु तो सोडला आहे असे आकड्यासोबत लिहिले पाहिजे. उपकरणाच्या अगदी पुढ्यात ध्वनीचा झोत फार अरुंद असतो, तेव्हा मासा त्याच्या मागून किंवा अगदी जवळून निसटू नये म्हणून काठापासून पाण्यात काही अंतर जाळीचे कुंपण घालतात. पाणी चढले-उतरले की ते आणि उपकरण दोन्ही सरकवावे लागतात. विष्णुपुरीतून लाखाच्या घरात क्युसेक सुटले की सगळे उचलून काठावर घ्यावे लागेल, आणि ते दिवस कोरे राहतील. कोरे दिवस अंदाजाने भरून काढण्यापेक्षा कोरेच दाखवलेले बरे.

जलपर्णीचा त्रास वेगळाच. नांदेडच्या खाली वाहत येणारे तिचे गुच्छ, झाडांच्या फांद्या आणि माणसाने टाकलेला कचरा हे सगळे सोनारच्या पडद्यावर उमटते. सरावलेला डोळा प्रवाहाच्या वेगाने खाली जाणारी निर्जीव वस्तू आणि शेपटी हलवत वर जाणारा मासा यांत गल्लत करत नाही. हे काम आता संगणकाला शिकवण्याचे प्रयत्न जोरात आहेत. कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये कीनाय, नुशागॅक आणि एल्वा या नद्यांवरील दीड हजारांहून अधिक सोनार चित्रफिती, त्यांतील मासे खुणा करून, सर्वांसाठी खुल्या केल्या. त्यांतून निघालेला धडा आपल्या उपयोगाचा आहे: एका नदीवर शिकलेला संगणक दुसऱ्या नदीवर नेला की त्याची मोजणी घसरते, कारण तळ बदलतो, गाळ बदलतो, मासा बदलतो. तेव्हा कुणी कंपनी तयार कृत्रिम बुद्धिमत्तेचा डबा घेऊन आली तर तो विकत घेण्यापूर्वी गोदावरीच्या चित्रफितींवर तपासून घ्यावा, आणि तोपर्यंत माणसाच्या डोळ्यांनीच मोजावे.

जातीचा प्रश्न आपल्याकडे अधिक बिकट आहे, कारण तेथे पाच-सहा जातींत निवाडा करायचा असतो, येथे कटला, रोहू, मृगळ, मरळ, वाम, शिंगाळा, तिलापिया आणि लहान माशांची भलीमोठी फौज एकत्र असते. पहिल्या काही वर्षांत जातवार आकड्याचा हट्ट धरूच नये. एक फुटापेक्षा मोठे किती वर गेले, लहान किती गेले, दिवसा किती, रात्री किती, पाणी चढताना किती, उतरताना किती, एवढे कळले तरी आज जे काहीच माहीत नाही त्यापेक्षा ते पुष्कळ आहे. वामेचे लांब नागमोडी अंग पडद्यावर कदाचित वेगळे ओळखू येईल; रोहू आणि मृगळ यांत फरक करणे सोनारला जमणार नाही. तेथे जाळेच लागेल.

आणि जाळे म्हटले की भोई समाज आला. बाभळीपासून विष्णुपुरीपर्यंत नदीवर चप्पू घालणाऱ्या माणसांना कोणत्या नक्षत्रात कोणता मासा कोणत्या काठाने जातो याची जी माहिती आहे, ती नोंदवून ठेवण्याचे कष्ट आमच्या विद्यापीठीय मंडळींनी फारसे घेतले नाहीत, आणि त्यात मीही आलो. पायलट स्टेशनप्रमाणे येथेही सोनारच्या शेजारी रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या आसांची जाळी टाकण्याचे काम स्थानिक मच्छीमार संस्थेकडे मोबदला देऊन सोपवावे. मासे मोजून, लांबी घेऊन, शक्य तेवढे जिवंत परत सोडावेत. त्यात एक धोका आहे, तो आधीच बोललेला बरा. मासा कुठल्या काठाने, कुठल्या तासाला जातो हे सोनार दाखवते, आणि ती माहिती त्याच संध्याकाळी भ्रमणध्वनीवर फिरली तर मोजणीचे यंत्र मासेमारीचे यंत्र होईल. समुद्रावर मासे शोधणारी सोनार बसवलेल्या नौकांनी काय होते ते कोकणात लहान होडीवाल्यांना विचारावे. म्हणून रोजचा एकूण आकडा खुला असावा, पण जागा आणि तास यांचा तपशील हंगाम संपल्यावरच प्रसिद्ध व्हावा.

पैशाचे काय? एका चांगल्या चित्रदर्शी सोनारची किंमत अर्ध्या कोटीच्या वर जाते, आणि तंबू, वीज, माणसे यांचा खर्च वेगळा. हा खर्च जिल्हा नियोजन समितीला एकदम जड वाटू शकेल. परंतु २०२० मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०,०५० कोटींची असून तिच्यात नद्यांमध्ये देशी माशांचे बीज सोडण्याचाही भाग आहे. ज्या नदीत बीज सोडायचे तेथे आधी काय आहे हे पाहण्यासाठी त्यातलाच थोडा हिस्सा राखून ठेवणे ही काही अवाजवी मागणी नाही. शिवाय उपकरण वर्षातून चार-पाच महिनेच नदीवर लागेल. उरलेल्या काळात ते इतरत्र नेता येते.

जायकवाडीच्या नाथसागराबद्दल दोन शब्द. साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरणाऱ्या त्या जलाशयातही ध्वनीने पाहणी करता येईल, पण पद्धत वेगळी लागेल: तेथे मासा एका दिशेने जात नाही, म्हणून होडीला उपकरण बांधून ठरलेल्या रेषांवरून, शक्यतो रात्री, फिरावे लागते. नाथसागर विस्ताराने मोठा असला तरी उथळ आहे, आणि उथळ पाण्यात खाली रोखलेला झोत फारच थोडे पाणी व्यापतो. झोत आडवा टाकावा लागतो आणि मग काठचे गवत, बुडालेली झाडे, जुन्या गावांचे अवशेष अडथळा आणतात. पक्षी अभयारण्याची परवानगी घ्यावी लागेल ती निराळीच. हे काम दुसऱ्या टप्प्यात करावे. आधी बाभळीवर हात बसू द्यावा.

मत्स्यव्यवसाय विभाग, जलसंपदा विभाग आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांनी एकत्र बसून पुढच्या पावसाळ्यासाठी एक साधा आराखडा करावा, अशी माझी विनंती आहे. मे महिन्यात नदी आटलेली असताना तळ पाहून दोन्ही काठांवर जागा निश्चित करावी. १५ जूनपासून, म्हणजे दरवाजे बंद असतानाच, मोजणी सुरू करावी आणि दरवाजे पुन्हा खाली आल्यावर आणखी पंधरा दिवस, म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, ती चालू ठेवावी, म्हणजे बंद आणि उघड्या नदीतला फरक एकाच वर्षात नोंदला जाईल. उपकरण पहिल्या वर्षी भाड्याने किंवा एखाद्या केंद्रीय संशोधन संस्थेकडून उसने मिळते का ते पाहावे. काठ महाराष्ट्राचा असला तरी वर येणारा मासा तेलंगणातील जलाशयातून येणार आहे. म्हणून १ जुलै रोजी दोन्ही राज्यांचे अधिकारी दरवाजांपाशी जमतातच, त्याच दिवशी तेलंगणाच्या मत्स्य विभागालाही बोलावून मोजणीच्या नोंदवहीची एक प्रत त्यांच्याकडे रोज जाईल अशी व्यवस्था करावी.

कळावे.

आपला नम्र,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
धर्माबाद, जि. नांदेड